घरबसल्या संगणक-मदत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ज्यांना संगणकाची फारशी सवय नाही अशा लोकांना फोनवरून आणि इंटरनेटवरून मदत करायची, हा व्यवसाय सुरू करावा का आणि कसा, अशी विचारणा करणारी पत्रं गेल्या काही महिन्यांत सतत येत आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सहा वर्षं संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम केलं. आता घरूनच ऑनलाइन सेवा द्यायची आहे. जाहिरातीत कोणकोणती कामं लिहू? तशी सगळीच येतात. — एक वाचक, सांगली

‘सगळी कामं केली जातील’ असं लिहिलंत, तर ज्याला गरज आहे त्याला स्वतःची अडचण त्या ओळीत सापडत नाही. साठीच्या बाईंना ‘नेटवर्क ट्रबलशूटिंग’ हवं असतं असं नाही, त्यांना ‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय’ एवढंच सांगता येतं. तेव्हा यादी ग्राहकाच्या तोंडच्या वाक्यांची करा, आणि सुरुवातीला आठ-दहा कामांचीच.

दुकानात संगणक समोर असतो, इथे नसतो. त्यामुळे लांबून होणारी आणि न होणारी कामं आधीच वेगळी करा. खाते पुन्हा उघडणं, ईमेल, प्रिंटर, मराठी टायपिंग, फोटो संगणकावर उतरवणं, ऑनलाइन अर्जासाठी फाइल लहान करणं, ब्राउझरमधल्या नको त्या सूचना बंद करणं ही कामं लांबून उत्तम होतात. चालूच न होणारा संगणक, खराब डिस्क, चार्जिंगची पिन, तुटलेला स्क्रीन ही होत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक गावात एक विश्वासाचा दुकानदार गाठून ठेवा.

‘संगणक फार हळू चालतो’ ही तक्रार या दोहोंच्या मधली, आणि ती सगळ्यात जास्त येणार. इथे तासभर फाइल पुसत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगा, त्यातल्या परफॉर्मन्स भागात दोन गोष्टी पाहा : मेमरी किती, आणि डिस्कपुढे एचडीडी (जुन्या पद्धतीची, फिरणारी डिस्क) लिहिलंय की एसएसडी (नवी, वेगवान डिस्क). एचडीडी असेल आणि काही न करताही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर सॉफ्टवेअरने ती फारशी सुधारणार नाही, एसएसडी बसवावी लागेल. दहा मिनिटांत हे सांगून ग्राहकाला दुकानात पाठवलंत, तर तो पुढच्या कामासाठी तुमच्याकडेच येतो.

विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. ‘माझा संगणक ११ वर जाईल का?’ हा प्रश्न त्यामुळे घरोघरी आहे. टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर मान्य यादीत असावा लागतो, इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. ही तपासणी यादीत पहिल्या ओळीला टाका.

आणखी एक काम मराठी माणसाने घ्यायलाच हवं : जुन्या मराठी फाइली. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं, वकिलांचे मसुदे, शाळांचे दाखले नव्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि लोकांना व्हायरस वाटतो. तो व्हायरस नसतो. या फाँटमध्ये मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो, आणि फाँट नसला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करता येतं, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे चुका राहतातच, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून हे काम तासावर घेऊ नका. पानावर घ्या, आणि मुद्रितशोधनाचे पैसे त्यातच धरा. नवं टाइप करण्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. तो सुरू करून दाखवायला दहा मिनिटं पुरतात, आणि ग्राहकाला होणारा आनंद मात्र फार मोठा असतो.

प्रश्न : लांबून संगणक पाहण्यासाठी एनीडेस्कची फुकट आवृत्ती वापरली तर चालेल का? फोनवर ग्राहकाला पायऱ्या समजावताना फार वेळ जातो. — एक वाचिका, नाशिक

चालणार नाही. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर या दोन्हींची फुकट आवृत्ती खासगी वापरासाठी आहे. पैसे घेऊन मदत करणं हा व्यावसायिक वापर झाला. वापर व्यावसायिक वाटला की मधेच सेशन तोडलं जातं, आणि तुम्ही नेमक्या अर्ध्या कामात असता. एकतर परवाना घ्या, किंवा सुरुवातीला विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा. ते बहुतेक विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असतं, नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं. ग्राहकाला मायक्रोसॉफ्टचं खातं लागत नाही, तुम्हाला लागतं.

क्रम असा ठेवा. फोन चालू असतानाच ग्राहकाला कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबायला सांगा. तुमच्याकडे ‘हेल्प समवन’वर क्लिक करून कोड घ्या. तो १० मिनिटंच चालतो, म्हणून ग्राहकाची खिडकी उघडल्यावरच घ्या, आधी नको. कोड एकेक अक्षर सावकाश सांगा आणि परत म्हणून घ्या. नंतर धोक्याची सूचना येते. ती ग्राहकाला वाचायला वेळ द्या, घाई करू नका. ‘अलाउ’ केल्यावर तुम्हाला फक्त पडदा दिसतो. माउस हाती घ्यायचा तर वेगळी विनंती पाठवावी लागते आणि ग्राहकाने ती मान्य करावी लागते. आमचं मत असं, की निम्मी कामं माउस हाती न घेता करावीत. ‘वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का, तिथे दाबा’ असं सांगत गेलात, तर काम ग्राहकाच्या हातात बसतं.

दोन ठिकाणी हमखास अडतं. एखादा प्रोग्राम बसवताना परवानगी मागणारी खिडकी आली की तुमचा पडदा काळा होतो. काही बिघडलेलं नसतं, ती खिडकी मुद्दाम लांबच्या माणसापासून लपवलेली असते. ग्राहकालाच ‘येस’ दाबावं लागतं, म्हणून ‘आता एक प्रश्न येईल, तो मला वाचून दाखवा’ असं आधीच सांगून ठेवा. दुसरं, संगणक रीस्टार्ट केला की जोडणी तुटते आणि नवा कोड लागतो. फोन ठेवू नका, नाहीतर ग्राहक घाबरतो.

वेळ खातात ते शब्द. ‘राइट क्लिक’ म्हटलं की काही जण लिहायला काय सांगताय असं विचारतात. ‘माउसचं उजवं बटण एकदा’ म्हणा. कर्सरला बाण म्हणा, टास्कबारला खालची पट्टी, ब्राउझरला ‘ज्यातून तुम्ही गुगल उघडता ते’. मोबाइलवरून आधीच पडद्याचा पूर्ण फोटो मागवा, नुसत्या चुकीच्या ओळीचा नको. आणि विंडोज व आर दाबून ‘विनव्हर’ असं इंग्रजीत लिहून एंटर केलं की जी खिडकी येते तिचाही फोटो घ्या. कोणती विंडोज आहे हे विचारण्यात जाणारी पाच मिनिटं वाचतात.

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या आजी-आजोबांना मदत करायची म्हटलं तर ते म्हणतात, ‘बँकेने असलं काही घ्यायचं नाही असं सांगितलंय.’ मग हा धंदा चालणार कसा? — एक वाचिका, ठाणे

बँकेने बरोबरच सांगितलं आहे, आणि तुम्हीही त्यांना तसंच सांगा. एनीडेस्कचा कोड मिळवून खाती रिकामी केल्याच्या प्रकारांबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. ठगाचं आणि तुमचं साधन एकच आहे. फरक फक्त पद्धतीत दाखवता येतो, आणि तो प्रत्येक वेळी दिसला पाहिजे.

म्हणून काही नियम छापून ग्राहकाच्या हाती द्या. तुम्ही आपणहून कधीच फोन करणार नाही. आधी फोन त्यांनीच करायचा, तोही कार्डावरच्या नंबरवर. पडदा जोडलेला असताना बँक, यूपीआय किंवा डिमॅट काहीही उघडायचं नाही, आणि उघडलं गेलं तर तुम्ही स्वतःहून जोडणी तोडाल. ओटीपी, पिन, पासवर्ड सांगायचा नाही, आणि टाइप करायचा असेल तेव्हा तो त्यांनी स्वतः करायचा. तुम्ही नसताना चालू राहणारा प्रवेश, म्हणजे कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला, कधीच ठेवायचा नाही. ग्राहक ‘राहू दे, परत परत कोड कशाला’ म्हणाला तरी नाही. काम झालं की त्यांच्याच हाताने खिडकी बंद करून घ्या.

जोडणीआधी व्हॉट्सॲपवर हा मजकूर त्यांच्याकडून मागवा : ‘आज अमुक वाजता अमुक कामासाठी मी तुम्हाला माझा संगणक पाहू देत आहे. काम संपल्यावर हा प्रवेश बंद होईल.’ दोन ओळींची ही नोंद पुढे वाद झाला तर दोघांच्याही कामी येते. घरातलं तरुण कुणी असेल तर पहिल्या वेळी त्यालाही फोनवर घ्या.

पडद्यावर ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ अशी भोंगा वाजवणारी सूचना आली, म्हणून घाबरून येणारे ग्राहक पुष्कळ असतील. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ते ब्राउझरमधलं पान असतं. एस्केप काही सेकंद दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. ग्राहकाने त्या नंबरवर फोन करून पैसे दिले असतील, तर तुमचं काम बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर तक्रार नोंदवायला लावा, नंतर बँकेला फोन. इथे मिनिटं मोजावी लागतात, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

प्रश्न : दर किती ठेवावा? परदेशातली मुलं आईवडिलांसाठी वर्षाचे पैसे एकदम द्यायला तयार आहेत. ते कसे घ्यावेत? — एक वाचक, पुणे

दर ठरवण्याआधी दिवसात किती कामं होतात ते मोजा. अर्ध्या तासाच्या कामाला आधीचा फोन, जोडणी, नंतरची नोंद आणि हिशेब धरून तासभर जातो. एकट्याने दिवसाला पाच कामं नीट होतात. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११० कामं. प्रत्येकी ३०० रुपये घेतले तर ३३,००० रुपये, तेही सगळे दिवस भरले तर. पहिल्या सहा महिन्यांत निम्मेच दिवस भरतील असं धरून घरखर्चाचं गणित बसवा. इंटरनेट, सॉफ्टवेअरचा परवाना, राउटरसाठी छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा सिम हे खर्च त्यातून जातात. शेवटचे दोन टाळू नका. वीज गेली म्हणून तुमचीच जोडणी तुटली, तर ग्राहकाला ते सांगताना फार ओशाळं वाटतं.

फोनवरची पहिली दहा मिनिटं निदानासाठी मोफत ठेवा, पुढे अर्ध्या तासाचा ठोक दर, आणि काम झालं नाही तर पैसे नाहीत. पैसे काम झाल्यावर घ्या. आगाऊ रक्कम मागणं या व्यवसायात संशयाचं कारण ठरतं.

वर्षाच्या योजनेत ‘अमर्याद मदत’ हे शब्द लिहू नका. रोज फोन करणारे दोन ग्राहक तुमचा निम्मा दिवस घेतील, आणि त्यांची चूकही नसेल, कारण तुम्हीच तसं कबूल केलेलं असेल. वर्षाला अर्ध्या तासाची १२ कामं आणि तीन महिन्यांतून एकदा ठरलेली तपासणी अशी मर्यादा लिहा. त्या तपासणीत बॅकअप झालाय का, अपडेट अडकलंय का, डिस्कवर जागा किती, एवढंच पाहा आणि मुलांना चार ओळी कळवा. मुलं खरं तर त्या चार ओळींसाठीच पैसे देत असतात. मात्र आईवडिलांच्या पत्रव्यवहारातलं काही कळवायचं नाही. त्यांच्या संगणकावर त्यांचाच हक्क आहे, पैसे कुणीही भरोत.

पैसे घेण्याची सोपी वाट म्हणजे मुलांचं भारतातलं एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएई अशा १० देशांच्या मोबाइल नंबरवर यूपीआय वापरण्याची परवानगी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये दिली. बँक ती सोय देत असेल तर पैसे रुपयांतच येतात. पावती न चुकता द्या.

प्रश्न : उद्यम आणि जीएसटी दोन्ही लागतात का? एका संकेतस्थळाने उद्यमसाठी पैसे मागितले. — एक वाचक, लातूर

उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दलालाचं. कामाचा गट निवडताना ६२०९ म्हणजे संगणकसंबंधी इतर सेवा, आणि दुरुस्तीही करणार असाल तर ९५११. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावताही येत नाही. परदेशातून थेट परकीय चलनात पैसे येऊ लागले, तर एकदा सीएला दाखवा.

प्रश्न : गुगलवर जाहिरात दिली, ती नाकारली गेली. कारण कळत नाही. — एक वाचिका, कोल्हापूर

तुमच्या जाहिरातीत दोष नाही. खोट्या मदतकेंद्रांनी इतका उच्छाद मांडला, की घरगुती ग्राहकांना तांत्रिक मदत देणाऱ्या त्रयस्थ व्यावसायिकांच्या जाहिराती गुगलने २०१८ पासून बंद केल्या. मायक्रोसॉफ्टने बिंगवर तसंच २०१६ मध्ये केलं होतं. शब्द बदलून जाहिरात पुढे रेटू नका, खातंच बंद पडेल.

गुगल नकाशावरची नोंदही केवळ ऑनलाइन चालणाऱ्या व्यवसायाला मिळत नाही. ग्राहकाला प्रत्यक्ष भेटणं ही अट आहे. आठवड्यातले दोन दिवस कोल्हापुरात घरी जाऊनही सेवा देत असाल, तर ‘सेवा क्षेत्र’ प्रकारात नोंद करता येते आणि घरचा पत्ता लपवता येतो. ग्राहक मिळवायलाही हे दोन दिवस उपयोगी पडतात, कारण एकदा घरी येऊन गेलेल्या माणसाला पुढे लांबून पडदा दाखवायला लोक कचरत नाहीत.

ओळख व्हायची जागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, सोसायटीची सभा. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, ८० वर्षांवरील मंडळींना १ ऑक्टोबरपासून देता येतो. सप्टेंबरच्या शेवटी संघात दीड तासाचं प्रात्यक्षिक ठेवा : अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप, आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, आणि चेहऱ्यावर समोरून उजेड. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा ओळखला जात नाही, अर्ध्या तक्रारींचं मूळ तेच. क्रमांक प्रत्येकाने स्वतः टाकावेत. एकाही माणसाचा आधार किंवा पीपीओ तुमच्या वहीत किंवा व्हॉट्सॲपवर राहता कामा नये.

प्रश्न : काम करताना ग्राहकाची माहिती गेली तर जबाबदारी कुणाची? — एक वाचक, नागपूर

बॅकअप आहे का हे न विचारता हात घातलात, तर तुमची. विंडोज ११ वर जाणं, डिस्कचे भाग बदलणं, बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट यांपैकी काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहा. कॉपी झाली म्हणजे उघडते असं नाही.

नव्या लॅपटॉपवर एक सापळा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या पुष्कळ विंडोज ११ संगणकांवर डिस्क आपोआप बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीने कुलूपबंद झालेली असते, आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोस अपडेट केलं की संगणक ४८ आकडी किल्ली मागतो. ती बहुधा त्याच खात्यात ठेवलेली असते, पण खात्याचा पासवर्ड विसरलेला असेल तर सगळंच अडतं. म्हणून आधी खात्यात जाऊन किल्ली दिसते का ते पाहा, कागदावर उतरवून घ्यायला लावा, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, मग अपडेट.

फाइली चुकून पुसल्या म्हणून फोन आला, तर पहिलं वाक्य : ‘संगणकाला हात लावू नका.’ परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवलं, तर पुसलेल्या फाइलींच्या जागीच ते लिहिलं जाऊ शकतं. एसएसडीवर पुसलेली जागा संगणक स्वतःच रिकामी करतो, त्यामुळे आशा फार थोडी, हे स्पष्ट सांगा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करायला सांगा. ते काम प्रयोगशाळेचं आहे.

प्रश्न : मोबाइलची मदतही देता येईल का? — एक वाचिका, रत्नागिरी

येईल, पण बहुधा बघून सांगण्यापुरती. एनीडेस्कसारख्या साधनांनी आयफोन लांबून चालवता येत नाही, फक्त पडदा पाहता येतो. अँड्रॉइडसाठीही व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलमधलं स्क्रीन शेअरिंग पुरतं. ते सुरू करण्याआधी सूचना बंद करायला सांगा, नाहीतर आलेला ओटीपी तुम्हालाही दिसतो. फोनची जागा भरली ही तक्रार सर्वांत जास्त. तिथे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं ‘मॅनेज स्टोरेज’ आधी उघडा, सुप्रभातच्या चित्रफिती तिथे एकत्र सापडतात. नातवंडांचे फोटो त्यातच मिसळलेले असतात, म्हणून सरसकट पुसायला सांगू नका.

प्रश्न : ग्राहक म्हणतात, ‘पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आमच्या लक्षात राहत नाहीत.’ काय करावं? — एक वाचक, पणजी

ठेवू नका, कितीही जवळचे असले तरी. तुमचा फोन हरवला तर त्या सगळ्या घरांची खाती धोक्यात येतात. एक साधी वही घ्यायला लावा. त्यात प्रत्येक खात्याला एक पान : खात्याचं नाव, ईमेल, जोडलेला मोबाइल नंबर, पासवर्ड, बदलल्याची तारीख. नोंद त्यांच्या हस्ताक्षरात. बँकेचे पिन त्यात नकोत. गुगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून द्या आणि आठ आकडी दहा बॅकअप कोड छापून घ्या. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा. वही आणि तो कागद विमा पॉलिसी आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा ठाऊक असावी. जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला तर नाही ना, हे त्याच वेळी पाहून घ्या. खातं कायमचं जाण्याची वेळ बहुतेकदा जुनं सिम टाकून दिल्यामुळेच येते.